धाग्याचा रंग कसा निवडावा? : यंत्रभरतकामाविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

यंत्रावरील भरतकामाविषयी आलेल्या पत्रांमध्ये या वेळी रंगनिवडीच्या शंका इतक्या होत्या, की हा संपूर्ण भाग त्यांनाच दिला आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून लांबलेल्या पत्रांतील मुख्य शंका तेवढी ठेवली आहे.

प्रश्न : मी विकत घेतलेले एक डिझाइन संगणकावर उघडले, तेव्हा गुलाबाच्या पाकळ्या निळ्या आणि पाने जांभळी दिसली. फाइल बिघडली आहे का? पडद्यावर दिसतात त्या रंगांप्रमाणे धागे घ्यावेत की नाही?

उत्तर : फाइल बिघडली असण्याची शक्यता फार कमी आहे. भरतकामाच्या फाइलींचे अनेक प्रकार असतात आणि त्यांपैकी काहींमध्ये रंगाची माहिती साठवलेलीच नसते. सर्वांत जास्त वापरला जाणारा डीएसटी हा प्रकार मूळचा ताजिमा यंत्रांसाठीचा; त्यात सुईने कोठे जावे, कोठे टाका न घालता पुढे सरकावे आणि कोठे रंग बदलावा, एवढ्याच सूचना असतात. बदललेला रंग लाल की पिवळा, हे यंत्र चालवणाऱ्यानेच ठरवायचे असते. अशी फाइल उघडताच संगणकातील प्रणाली आपल्या ठरलेल्या यादीतील रंग एकापाठोपाठ एक टप्प्यांना वाटून टाकते आणि मग निळे गुलाब उमलतात. ब्रदर यंत्रांसाठीच्या पीईएस किंवा जानोमेच्या जेईएफ या प्रकारांत मात्र रंगांची नोंद असते. आपल्याला डिझाइनसोबत रंगक्रमाचा कागद मिळाला असेल, तर तो प्रमाण मानावा. नसेल, तर एकेक टप्पा पडद्यावर चालवून पाहावा आणि कोणत्या टप्प्यात कोणता भाग भरला जातो, हे कागदावर लिहून मगच धाग्यांकडे वळावे.

रंगांची नोंद असलेल्या फाइलीतही पडद्यावरची छटा धाग्याशी जुळेलच असे नाही. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, तर धागा त्याच्यावर पडलेला प्रकाश परत फेकतो. शिवाय पडद्याची उजळता कमीजास्त केली, की तोच रंग वेगळा भासतो. त्यामुळे कोणता रंग कोठे येणार आणि कोणत्या क्रमाने येणार, एवढ्यापुरताच पडद्याचा उपयोग करावा. छटा ठरवण्यासाठी खऱ्या धाग्याचे तुकडे लावलेले शेड कार्ड वापरावे. छापील शेड कार्ड स्वस्त पडते हे खरे, परंतु त्यावर धागा नसून शाई असते आणि चमकदार धाग्याची छटा शाईत उतरत नाही.

टप्पे लिहून घेताना एक गोष्ट लक्षात येईल, की काही डिझाइनमध्ये एकच रंग दोनतीनदा परत येतो. रीळ बदलण्याचा त्रास वाचावा म्हणून हे टप्पे एकत्र करण्याचा मोह होतो, परंतु देठावर पाकळी आणि पाकळीवर पुन्हा देठाच्याच रंगाची शीर असा क्रम मुद्दाम ठेवलेला असेल, तर एकत्र केल्यावर शीर पाकळीखाली गाडली जाईल.

प्रश्न : दुकानात रिळावर जो हिरवा रंग आवडला, तो भरल्यानंतर वेगळाच दिसू लागला. त्याहून चमत्कारिक म्हणजे एकाच रिळाने भरलेल्या पानाचे दोन अर्धे भाग दोन वेगळ्या छटांचे दिसतात. धाग्यातच दोष असावा का?

उत्तर : धाग्यात दोष नाही; उलट भरतकामाला जी चमक हवी असते, तिचाच हा परिणाम आहे. भरतकामाचा रेयॉन किंवा पॉलिएस्टर धागा गुळगुळीत, अखंड तंतूंचा बनलेला असतो आणि पॉलिएस्टरच्या अनेक धाग्यांत तर तंतूचा छेद गोल न ठेवता तीन पाळींचा ठेवलेला असतो, म्हणजे प्रकाश अधिक परावर्तित होतो. असे असंख्य तंतू एका दिशेने शेजारी शेजारी पडले, की प्रकाश एका ठराविक बाजूला जास्त फेकला जातो. पानाच्या डाव्या भागातील टाके एका दिशेने आणि उजव्या भागातील दुसऱ्या दिशेने तिरपे असतील, तर आपल्या डोळ्यांपर्यंत एका भागातून जास्त आणि दुसऱ्यातून कमी प्रकाश पोचतो, म्हणून एक भाग उजळ व दुसरा गडद दिसतो. कापड फिरवून पाहा; छटांची अदलाबदल होईल.

टाक्याच्या प्रकारानेही असाच फरक पडतो. साटिन टाक्यात धागा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड पडतो, त्यामुळे तो अधिक चमकतो आणि अधिक उजळ दिसतो. मोठी जागा भरण्यासाठी जो भराव टाका वापरतात, त्यात प्रत्येक ओळीत सुई अनेकदा कापडात शिरते, तेथे तेथे बारीक खळगे आणि सावल्या तयार होतात आणि तोच धागा थोडा मंद, थोडा गडद भासतो. धावदोऱ्यात तर धाग्याचा एकच पदर कापडावर असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना कापडाचा रंग इतका असतो, की धाग्याचा स्वतःचा रंग त्यात विरून जातो. रिळावर मात्र धाग्याचे थर एकमेकांवर गच्च गुंडाळलेले असल्यामुळे रंग सर्वांत भरदार दिसतो.

म्हणून रीळ हातात धरून निर्णय घेऊ नये. धाग्याची दोनतीन हात लांबीची बट उलगडून ती ज्या कापडावर भरायचे आहे त्यावरच सैलसर पसरावी. निम्म्याहून अधिक चुकीच्या छटा येथेच गळतात. उरलेल्या दोनतीन छटांचे प्रत्यक्ष भरलेले चौकोन करून पाहावेत, दोन सेंटिमीटरचे पुरतात. मात्र ते मूळ डिझाइनमधील घनतेने आणि त्याच दिशेच्या टाक्यांनी भरलेले असावेत. ४० क्रमांकाच्या, म्हणजे नेहमीच्या जाडीच्या धाग्यासाठी भरावाच्या दोन ओळींतील अंतर साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात. नमुना घाईघाईने विरळ भरला, तर तो आपल्याला खोटे उत्तर देईल. सगळे काम बिघडल्यावर टाके उसवण्यापेक्षा ही पंधरा मिनिटे परवडतात.

प्रश्न : करड्या कापडावर गुलाबी फुले आणि फिकट हिरवी पाने भरली. जवळून फार सुंदर दिसतात, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहिले, की तेथे काही भरले आहे हेच कळत नाही. रंग तर अगदी वेगळे आहेत, मग असे का व्हावे?

उत्तर : रंग वेगळे आहेत, पण त्यांचा उजळपणा सारखा आहे. रंग निवडताना आपण गुलाबी, हिरवा, करडा अशी नावे मनात धरतो. परंतु दुरून आकृती ओळखताना डोळा मुख्यतः फिकट आणि गडद यांतील अंतरावर अवलंबून असतो. मध्यम उजळपणाचा गुलाबी, मध्यम उजळपणाचा हिरवा आणि मध्यम उजळपणाचा करडा एकत्र आले, की आकृतीच्या कडा पुसल्या जातात. माझ्या मते रंगनिवडीतील बहुसंख्य तक्रारींचे मूळ येथेच असते आणि तरीही दुकानात उभे असताना आपल्यापैकी बहुतेक जण तासभर फक्त ‘कोणता गुलाबी’ यावर घालवतात.

यावरचा उपाय सोपा आहे. कापडावर धाग्यांच्या बटा पसरून मोबाइलने फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करावा. ज्या बटा कापडात मिसळून गेलेल्या दिसतील, त्या दुरूनही मिसळतील. फोटोत किमान तीन पायऱ्या स्पष्ट दिसायला हव्यात : कापड, मुख्य आकृती आणि आकृतीतील तपशील. आपल्या नमुन्यात गुलाबी बराच फिकट किंवा बराच गडद केला, तरी पुरे. पानांना गडद हिरवा घेतला, तर फुलांचा फिकटपणाही आपोआप उठून दिसेल. डोळे अर्धवट मिटून पाहण्याची जुनी युक्तीही याच कामाची आहे, फक्त तिला थोडा सराव लागतो.

शेजारच्या रंगाचा परिणाम हा यातला आणखी एक भाग. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती, की काळ्या रंगाला पुरेसा गहिरेपणा येत नाही. त्यांनी तपासले तेव्हा रंगात काही खोट नव्हती. काळ्या धाग्याशेजारी विणलेल्या रंगांमुळे तो निस्तेज भासत होता. यातूनच त्यांनी शेजारशेजारच्या रंगांचा परस्परांवर होणारा परिणाम अभ्यासला आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या कामात याचा अर्थ असा, की एकच करडा धागा लाल शेजाराने किंचित हिरवट आणि हिरव्या शेजाराने किंचित तांबूस भासेल, गडद कापडावर तो फिकट वाटेल आणि पांढऱ्या कापडावर गडद. रंगचक्रावर समोरासमोर येणारे रंग, उदाहरणार्थ तेवढ्याच उजळपणाचे भडक लाल आणि भडक हिरवा, एकमेकांना खेटून भरले, तर कड थरथरल्यासारखी वाटते. त्यांच्यामध्ये गडद किंवा फिकट धाग्याची बारीक रेघ घातली, की ती शांत होते. म्हणून बटा वेगवेगळ्या न पाहता डिझाइनमध्ये त्या ज्यांच्या शेजारी येणार आहेत त्यांच्याच शेजारी ठेवून पाहाव्यात.

प्रश्न : एका संस्थेच्या बोधचिन्हाचे काम मिळाले असून त्यांनी छपाईच्या रंगाचा पँटोन क्रमांक कळवला आहे. ‘हुबेहूब तोच रंग हवा’ असा त्यांचा आग्रह आहे. हे शक्य असते का?

उत्तर : जवळचा रंग मिळतो, हुबेहूब मिळेल, असे वचन मात्र देऊ नये. हे क्रमांक मुळात छपाईच्या शाईसाठी ठरवलेले असतात. धागा तयार करणाऱ्या कंपन्या ‘या क्रमांकाला आमचा हा धागा सर्वांत जवळचा’ अशा याद्या प्रसिद्ध करतात. त्या शोध सुरू करण्यासाठी उत्तम असतात, परंतु ‘सर्वांत जवळचा’ याचा अर्थ ‘तोच’ असा नव्हे. शाई कागदावर सपाट बसते, तर धागा चमकतो आणि वर सांगितल्याप्रमाणे टाक्याच्या दिशेनुसार बदलतो.

दुसरी अडचण प्रकाशाची आहे. दोन वस्तू वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या असतील, तर त्या एका प्रकाशात तंतोतंत जुळूनही दुसऱ्या प्रकाशात वेगळ्या दिसू शकतात. दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली कापडाशी एकजीव झालेला धागा घरातील पिवळसर दिव्याखाली वेगळा पडतो, तो यामुळेच. नमुना दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, पाहावा आणि शिवाय वस्तू जेथे वापरली जाणार तेथील दिव्याखालीही पाहावा.

व्यवहाराच्या दृष्टीने सांगायचे, तर दोन जवळच्या छटांचे बोधचिन्ह त्यांच्याच कापडावर भरून पाठवावे, त्यांनी निवडलेल्या नमुन्यावर सही घ्यावी आणि धाग्याची कंपनी, प्रकार व क्रमांक त्या नमुन्याच्या मागे लिहून तो जपून ठेवावा. फिकट कापडावर बारीक अक्षरे असतील आणि दोन छटांमध्ये मन अडकले असेल, तर मी गडद छटा घेईन, कारण बारीक टाक्यात रंग नेहमी फिका पडतो.

प्रश्न : डिझाइनसोबतच्या यादीत एका कंपनीचे क्रमांक आहेत आणि माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचे धागे आहेत. रूपांतर-तक्त्यावर विसंबावे का?

उत्तर : एखाददुसरा रंग बदलायचा असेल, तर विसंबावे. संपूर्ण डिझाइन बदलायचे असेल, तर तक्त्यातील प्रत्येक छटा थोडी थोडी सरकलेली असते आणि त्या एकत्र आल्यावर फिकट-गडदाच्या पायऱ्या कोलमडू शकतात. अशा वेळी तक्त्याने सुचवलेली सर्व रिळे एका ओळीत मांडून वर सांगितलेला कृष्णधवल फोटो काढावा आणि जेथे दोन पायऱ्या एक झाल्या असतील तेथे आपल्या नजरेने दुरुस्ती करावी.

प्रश्न : फुलांच्या पाकळ्यांना रंगचित्रासारखी छायाप्रकाशाची घडण आणायची आहे. किती छटा लागतात? मी गुलाबीच्या लागोपाठच्या पाच छटा घेतल्या, पण पाकळी सपाटच दिसते.

उत्तर : लागोपाठच्या छटा घेतल्या म्हणूनच ती सपाट दिसते. शेड कार्डवरील दोन शेजारच्या छटांमधील फरक इतका सूक्ष्म असतो, की टाक्याच्या दिशेमुळे पडणारा चमकीचा फरक त्याहून मोठा ठरतो आणि आपले पाच रंग एकाच रंगासारखे वाटतात. एकेक पायरी गाळून निवडलेल्या तीन छटा अशा पाच छटांपेक्षा जास्त काम करतात. त्यांपैकी मधली छटा सर्वांत जास्त जागा व्यापणारी असावी, गडद छटा पाकळीच्या मुळाशी आणि घडीत, तर फिकट छटा कडेला आणि तीही बेताने यावी. मोठ्या आकाराच्या फुलाला चौथी, पाचवी छटा देता येते. परंतु पाकळी तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर तीन पुरेत.

सावलीसाठी मूळ रंगात काळा मिसळल्यासारखी छटा शोधण्याची सवय सोडावी. पिवळ्याची सावली करड्या धाग्याने केली, तर फूल मळके दिसते. तेथे गेरूसारखा पिवळट तपकिरी किंवा नारिंगीकडे झुकणारा रंग घ्यावा. गुलाबीच्या सावलीला किरमिजी, लालाला गडद मरून, पानांच्या सावलीला निळसर हिरवा आणि उजळ भागाला पिवळसर हिरवा असे सरकत गेले, की घडण जिवंत वाटते. चेहऱ्याच्या किंवा हाताच्या रंगालाही हेच लागू आहे : त्वचेची सावली तांबूस किंवा उबदार तपकिरी असावी आणि बाह्यरेषेला काळ्याऐवजी गडद तपकिरी घ्यावा, म्हणजे चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसत नाही.

छटा कितीही चांगल्या निवडल्या, तरी त्यांच्यातील सांधा सरळ रेषेत असेल, तर पट्टे दिसतात. डिझाइन स्वतः तयार करत असाल, तर एका छटेची घनता सांध्याकडे हळूहळू विरळ करत न्यावी आणि दुसरी छटा त्या विरळ भागात लांबआखूड टाक्यांनी मिसळावी. जवळून ते टाके वेगळे दिसतात, थोड्या अंतरावरून डोळा त्यांना एकत्र करून मधली छटा तयार करतो. दोन्ही छटा पूर्ण घनतेने एकमेकांवर चढवणे मात्र टाळावे. त्याने भाग पुठ्ठ्यासारखा कडक होतो, सुई अडखळते आणि धागा तुटतो. तयार डिझाइन असेल, तर सांधा बदलता येत नाही. तेथे छटांमधील अंतर थोडे कमी ठेवणे, एवढेच आपल्या हातात असते.

प्रश्न : काळ्या टॉवेलवर शुभ्र पांढऱ्या धाग्याने अक्षरे भरली, पण ती धुरकट करडी दिसतात. आणखी पांढरा धागा मिळतो का?

उत्तर : धागा बदलून उपयोग होणार नाही, कारण दिसणारा करडेपणा टॉवेलच्या काळ्या फासांचा आहे. टाके त्या फासांमध्ये रुततात आणि दोन टाक्यांच्या फटीतून काळे धागे वर येतात. वर पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवून भरावे, म्हणजे फास दबून राहतात. मुख्य टाक्यांच्या खाली आधाराच्या टाक्यांची, म्हणजे अंडरलेची, दोन दिशांनी जाणारी जाळी पांढऱ्याच धाग्याने घालून घ्यावी. अक्षरे ठसठशीत निवडावीत. टॉवेलवर बारीक, नाजूक वळणाची अक्षरे कोणत्याही रंगात हरवतात. घनता किंचित वाढवायला हरकत नाही, परंतु सगळा भार तिच्यावर टाकू नये.

यानिमित्ताने एक सुचवावेसे वाटते. काळ्यावर अगदी शुभ्र पांढरा डोळ्यांना बोचतो आणि टाक्यातील प्रत्येक फट त्यात उघडी पडते. किंचित दुधाळ किंवा फिकट रुपेरी करडा तेथे पांढराच असल्याचा भास देतो आणि दोषही पोटात घालतो. पांढरे धागेही सगळे एकसारखे नसतात. काहींमध्ये प्रकाश उजळवणारी द्रव्ये असल्यामुळे ते निळसर चमकतात, काही नैसर्गिक पिवळसर झाकीचे असतात. एकाच कामात दोन वेगळ्या रिळांचे पांढरे वापरण्यापूर्वी ते दिवसाच्या उजेडात शेजारी धरून पाहावेत.

प्रश्न : पांढऱ्या कापडावर लाल धागा वापरायची भीती वाटते. रेयॉन घ्यावा की पॉलिएस्टर? रंग जाणार नाही याची खात्री कशी करावी?

उत्तर : वारंवार धुतल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी, विशेषतः ज्यांना ब्लीच लागण्याची शक्यता आहे अशांसाठी, पॉलिएस्टर घ्यावा. रेयॉन हा लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून बनतो, त्याची झळाळी मऊ आणि खानदानी असते, परंतु ओला झाल्यावर तो कमजोर होतो आणि क्लोरिनच्या ब्लीचने त्याचा रंग उतरतो. भिंतीवर लावायच्या किंवा क्वचितच धुवायच्या कामासाठी मी आजही रेयॉनच पसंत करते; पॉलिएस्टरच्या काही लाल आणि केशरी छटा मला जरा जास्तच भडक वाटतात. इस्त्रीच्या बाबतीत मात्र पॉलिएस्टरला जपावे लागते. उलट्या बाजूने, मध्यम उष्णतेवर फिरवावी.

खात्रीसाठी नुसता धागा तपासून भागत नाही, भरलेला नमुना तपासावा. लाल धाग्याने भरलेला छोटा चौकोन पांढऱ्या सुती चिंधीत गुंडाळून साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावा, मग न पिळता त्याच घडीत ओला असतानाच काही तास राहू द्यावा. बहुतेक वेळा रंग धुताना जात नाही, ओल्या घड्या एकमेकींवर पडून राहिल्यावर लागतो, म्हणून ही शेवटची पायरी गाळू नये. चिंधी स्वच्छ राहिली, तर पुढे जावे. प्रत्यक्ष कामात रंग लागलाच, तर कापड वाळू देऊ नये आणि त्यावर इस्त्री तर मुळीच फिरवू नये. लगेच भरपूर थंड पाण्यात पुनःपुन्हा खळबळावे.

प्रश्न : मला लाल आणि हिरवा यांतील फरक नीट कळत नाही. डॉक्टरांनी हा जन्मजात दोष असल्याचे सांगितले आहे. भरतकामाचे यंत्र चालवायला आवडते, पण रंग निवडताना आत्मविश्वास राहत नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर : नक्कीच आहे, आणि आपण एकटे नाही. लाल-हिरव्यातील गोंधळाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हा दोष पुरुषांमध्ये अधिक आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. यंत्रभरतकाम आपल्याला एका अर्थाने सोयीचे आहे, कारण येथे प्रत्येक छटेला क्रमांक असतो. रिळाच्या बुडाला चिकटवलेला क्रमांक काढून टाकू नये, बॉबिनवर (यंत्रातील खालच्या धाग्याच्या छोट्या फिरकीवर) किंवा छोट्या रिळावर धागा गुंडाळून घेतला, तर त्यावरही क्रमांक लिहावा आणि रिळे रंगगटांप्रमाणे ठेवलेल्या खणांना ‘लाल’, ‘हिरवा’, ‘तपकिरी’ अशा चिठ्ठ्या एखाद्या विश्वासू व्यक्तीकडून एकदाच लावून घ्याव्यात. यंत्रावर धागा चढवताना नजरेऐवजी क्रमांक जुळवावा.

निवडीच्या बाबतीत आपली नजर इतरांपेक्षा एका गोष्टीत अधिक सावध असू शकते. फिकट-गडदाचा फरक आपल्याला नीट दिसतो आणि आकृती उठून दिसण्याचा मुख्य आधार तोच आहे, हे वर आलेच आहे. म्हणून आधी सर्व छटा उजळपणावर निवडाव्यात आणि मग रंगाचे नाव यादीतून पडताळावे. निळा, पिवळा, पांढरा, काळा आणि करडा यांच्या जोड्या आपल्याला निःशंकपणे वापरता येतील. लाल-हिरवा, तपकिरी-हिरवा आणि निळा-जांभळा या जोड्यांसाठी मात्र दुसऱ्याचे मत घ्यावे.

प्रश्न : एकाच रिळात अनेक रंग असलेला धागा आणि जरीसारखा चमकणारा धागा, हे दोन्ही हौसेने आणले, पण काम मनासारखे होत नाही.

उत्तर : बहुरंगी धाग्यात रंग ठराविक लांबीनंतर बदलतो. त्याने मोठा भाग भरला, की ओळीगणिक पट्टे उमटतात आणि ते आकृतीच्या घडणीशी फटकून वागतात. पिसे, वेली, धावदोऱ्याची नक्षी अशा अरुंद आणि वाहत्या रेषांना तो शोभतो. अक्षरांसाठी वापरू नये, कारण त्यातील एखादी छटा हमखास कापडाच्या रंगाची निघते आणि तेवढे अक्षर नाहीसे होते.

धातूसारखा चमकणारा धागा रंग म्हणून न पाहता उजेडाचा ठिपका म्हणून पाहावा आणि शक्यतो शेवटच्या टप्प्यात, थोडाच वापरावा. सोनेरीच्या खाली आणि शेजारी मोहरी किंवा तपकिरी धागा असेल, तर तो भरदार वाटतो. रुपेरीला करड्याची साथ द्यावी. यंत्राचा वेग आणि वरच्या धाग्याचा ताण कमी करावा आणि मोठ्या नेढ्याची सुई लावावी.

प्रश्न : वरचा रंग बदलला, की दर वेळी बॉबिनचा धागाही त्याच रंगाचा घालावा का?

उत्तर : मागची बाजू दिसणार नसेल, तर नाही. फिकट कामाला पांढरा आणि गडद कामाला काळा, एवढे दोन पुरतात. साटिन टाक्याच्या मागे मधला साधारण एकतृतीयांश भाग बॉबिनच्या धाग्याचा दिसणे हे ताण बरोबर असल्याचे लक्षण आहे. बॉबिनचा पांढरा वरच्या बाजूला डोकावत असेल, तर तेथे रंग न बदलता ताण दुरुस्त करावा. ओढणी, स्कार्फ, हातरुमाल अशा दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या वस्तूंना मात्र बॉबिन रंगाला रंग जुळवूनच भरावी.

प्रश्न : मी नुकतीच सुरुवात केली आहे. शंभर रंगांची पेटी घ्यावी, की थोडे निवडक रंग?

उत्तर : निवडक रंग घ्यावेत. मोठ्या पेट्यांमध्ये भडक, शुद्ध रंगांची गर्दी असते आणि जे रोज लागतात ते दबलेले, मळसर रंग मोजकेच असतात. सुरुवातीला पांढरा, दुधाळ, काळा, फिकट व गडद करडा, फिकट व गडद तपकिरी असे तटस्थ रंग घ्यावेत. त्यानंतर लाल, पिवळा, निळा आणि हिरवा यांच्या प्रत्येकी फिकट, मध्यम व गडद अशा तीन छटा. आणि मग शेवाळी, विटकरी, धुरकट गुलाबी, पाटीच्या रंगाचा निळसर करडा असे चार मंद रंग. हे मंद रंग रिळावर कोणाच्या नजरेत भरत नाहीत, म्हणून राहून जातात. परंतु भडक रंगांना शेजारी बसून शोभा आणण्याचे काम तेच करतात. सगळे एकाच जाडीचे, म्हणजे ४० क्रमांकाचे घ्यावेत. पाचसहा मिलिमीटरहून लहान अक्षरांसाठी ६० क्रमांकाचा, अधिक बारीक धागा काळ्यात आणि एखाद्या गडद निळ्यात पुढे घेता येईल.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल, तर हजार टाक्यांना वरचा धागा साधारण ५ मीटर लागतो, म्हणजे १००० मीटरच्या रिळात सुमारे दोन लाख टाके होतात. पांढरा आणि काळा लवकर संपतात, म्हणून ते ५००० मीटरच्या कोनमध्ये घेतलेले बरे. एखादे मोठे काम हाती असेल, तर त्याच्या मुख्य रंगाची सर्व रिळे एकाच वेळी घ्यावीत आणि त्यांवरील लॉट क्रमांक एकच आहे, हे दुकानातच पाहून घ्यावे; छटेचा क्रमांक तोच असूनही रंगाईचा घाणा बदलला, की किंचित फरक पडतो आणि तो फरक नेमका मोठ्या भरावाच्या मधोमध दिसतो.